एका घरात दोन राउटर आणि मध्येच अडकलेली हाक

रात्री दीडच्या सुमारास वडिलांना घशाला कोरड पडून जाग आली. उठून बसताच डोळ्यांपुढे अंधारी आली. उशाशी ठेवलेले हाकेचे बटण त्यांनी दाबले. थोडे थांबून पुन्हा दाबले. पुढच्या खोलीत माझ्या उशाशी मोबाइल होता, पण तो मुकाच राहिला. अखेर त्यांनी पाण्याचा तांब्या जमिनीवर आपटला, तेव्हा मला जाग आली. त्या रात्री काही विपरीत घडले नाही. मात्र बटण बसवल्यापासून महिनाभर आम्ही सारे ज्या भरवशावर झोपत होतो, तो भरवसा पोकळ होता, हे त्या आवाजाने कळले.

दुसऱ्या दिवशी शोध घेतला. बटण बिघडलेले नव्हते, मोबाइल चांगला होता, इंटरनेटही सुरू होते. दोष होता तो घरातील दोन राउटरांच्या जोडणीत. बटण बसवून देणाऱ्याने चाचणी घेतली होती खरी. पण त्या वेळी बटण आणि मोबाइल दोन्ही मागच्या खोलीतच होते. रात्री मोबाइल पुढच्या खोलीत असतो, हे त्याने विचारले नाही आणि आम्हालाही सुचले नाही.

ज्येष्ठांच्या सोयीसाठी आता अनेक घरांत कॅमेरा, हाकेचे बटण, डॉक्टरांशी दृक्-श्राव्य संपर्कासाठी टॅब अशी साधने येत आहेत. ही साधने परस्परांशी बोलू शकतात की नाही, हा वरवर तंत्रज्ञाचा प्रश्न वाटतो. वास्तविक तो शुश्रूषेचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडणे हे जगात दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे आणि त्याचा सर्वाधिक फटका साठीपुढील व्यक्तींना बसतो. पडल्यानंतर मदतीविना तासन्तास जमिनीवर राहावे लागले, तर शरीरातील पाणी कमी होणे, दाबामुळे त्वचेला व स्नायूंना इजा होणे आणि त्यातून मूत्रपिंडावर ताण येणे असे धोके वाढत जातात. म्हणून हाक किती लवकर पोहोचते, याला महत्त्व आहे.

दुसरा राउटर का लागतो?

जुन्या जालन्यातील आमचे घर माळवदाचे. भिंती हातभर रुंद; मागच्या बाजूला नंतर बांधलेली स्लॅबची खोली. मराठवाड्यात अशी घरे पुष्कळ आहेत. वाय-फायच्या लहरी जाड भिंतींतून जाताना क्षीण होतात. पत्रा, लोखंडी कपाट आणि काँक्रीटमधील सळया त्यांना अडवतात. ज्या सळईसाठी जालन्याचे नाव सर्वत्र घेतले जाते, तीच येथे आड येते. राउटरमधील ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान असली, तरी भिंतींपुढे ती २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीपेक्षा लवकर थकते. परिणामी पुढच्या खोलीतील राउटर मागच्या खोलीत पोहोचत नाही. मग कोणीतरी सुचवते, "तिकडे एक जास्तीचा राउटर लावून टाका." तार ओढली जाते, मोबाइलवर चित्रे दिसू लागतात आणि काम झाले असे सर्वांना वाटते.

दोन चौकांचा वाडा

प्रत्यक्षात काय घडते, हे समजण्यासाठी दोन चौकांचा जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. बाहेरच्या दरवाजावर एक पहारेकरी आहे. आतील माणसे त्याला सांगून बाहेर जातात. त्यांच्या निरोपाचे उत्तर आले, की तो ज्याचे त्याला पोहोचवतो. मात्र बाहेरून अनोळखी कोणी आले, तर त्याला आत सोडत नाही. राउटर हाच तो पहारेकरी. घरातील प्रत्येक साधनाला तो एक खासगी क्रमांक देतो आणि बाहेरच्या जगापासून त्यांना झाकून ठेवतो.

आता आतल्या चौकाच्या दारावर दुसरा पहारेकरी बसवला, की घोटाळा होतो. आतल्या चौकातील माणूस दोन्ही दारे ओलांडून बाहेर जाऊ शकतो. म्हणूनच मागच्या खोलीत इंटरनेट चालते. पण बाहेरच्या चौकात बसलेला घरचाच माणूस आत जाऊ लागला, तर आतला पहारेकरी त्यालाही परका समजतो. आमच्या हाकेच्या घंटीचा ठोकळा आतल्या चौकात होता आणि माझा मोबाइल बाहेरच्या. मोबाइल त्या ठोकळ्याचा शोध घेत होता. आतल्या दाराशी तो शोध थांबत होता.

कोणती साधने अडतात, कोणती नाहीत?

सर्वच साधनांना ही अडचण येत नाही. अनेक कॅमेऱ्यांचे चित्र इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते आणि तेथून मोबाइलवर येते. त्यामुळे ते पुण्यातील मुलालाही दिसते आणि घरातील दोन राउटरही आड येत नाहीत. मात्र इंटरनेट बंद पडले, की ते चित्रही थांबते. रक्तदाब वा प्राणवायू मोजणारी घरगुती यंत्रे बहुधा ब्लूटूथने जवळच्या मोबाइलशी जोडली जातात. त्यांना राउटर लागत नाही. मोबाइल त्याच खोलीत असला, की झाले.

अडचण येते ती घरातल्या घरात बोलणाऱ्या साधनांची: काही प्रकारच्या हाकेच्या घंट्या, घरातच चित्रण साठवणारे कॅमेरे, तपासणीचे अहवाल छापणारा प्रिंटर, मोबाइलवरील चित्र दाखवणारा टीव्ही. आपले साधन यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे विकत घेतानाच विचारावे.

आपल्या घरी काय आहे, ते ओळखावे

पुढच्या खोलीत मोबाइलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडणीच्या नावावर बोट ठेवावे. तेथे १९२.१६८ ने सुरू होणारा 'आयपी' क्रमांक बहुधा दिसेल. तो टिपून घ्यावा. मग मागच्या खोलीत जाऊन तेथील राउटरला मोबाइल जोडावा आणि पुन्हा पाहावे. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० अशी सुरुवात दिसली, तर घरात बहुधा दोन वेगळी जाळी आहेत. कधी दोन्ही राउटर सारखीच मालिका वापरतात आणि आकडे फसवतात. म्हणून खरी परीक्षा एकच: साधन त्याच्या नेहमीच्या जागी, मोबाइल रात्री असतो त्या जागी, आणि मग बटण दाबून पाहणे.

मध्ये पूल बांधावा

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना आहे आणि दुसऱ्या तीरावर नवा. पुलांमुळेच ते एक गाव होते. दुसऱ्या राउटरचेही असेच करायचे: त्याचे पहारेकऱ्याचे काम काढून घ्यायचे आणि त्याला केवळ पूल बनवायचे. घरी येणाऱ्या तंत्रज्ञाला इतकेच सांगावे, "दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट करून द्या. घरातील सर्व साधने एकाच जाळ्यात हवीत."

बऱ्याच राउटरांत ही सोय थेट निवडता येते. नसेल, तर तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, दुसऱ्या राउटरचा स्वतःचा क्रमांक बदलून तो पहिल्याच्या मालिकेतील, पण कोणाकडेही नसलेला ठेवणे, पहिला १९२.१६८.१.१ असेल, तर दुसरा १९२.१६८.१.२. दुसरी, साधनांना क्रमांक वाटण्याचे त्याचे 'डीएचसीपी' हे काम बंद करणे, कारण घरात क्रमांक वाटणारा एकच असावा. तिसरी, पहिल्या राउटरकडून आलेली तार दुसऱ्याच्या 'वॅन' खाचेतून काढून 'लॅन' खाचेत लावणे. दोन्हींचे वाय-फाय नाव आणि पासवर्ड एकच ठेवले, तर खोली बदलल्यावर ज्येष्ठांना काही निवडत बसावे लागत नाही.

नव्याने खरेदी करायची असेल, तर 'मेश' प्रकारचे संच मिळतात. त्यांतील डबे मिळून एकच जाळे तयार करतात. मात्र आधीचा राउटर कायम ठेवून मेश जोडला, तर तेथेही दोन पहारेकरी होऊ शकतात. म्हणून तोही ॲक्सेस पॉइंट म्हणूनच लावून घ्यावा. आणखी एक खबरदारी घ्यावी. पाहुण्यांसाठी असलेल्या 'गेस्ट' जाळ्यातील मोबाइलला घरातील इतर साधने सहसा दिसत नाहीत. दिवसा सोबतीला येणाऱ्या मदतनीस ताईंच्या मोबाइलवर हाक यायला हवी असेल, तर तो त्या जाळ्यात नाही ना, हे पाहावे.

तारा, वीज आणि मान

दोन खोल्यांना जोडणारी तार कधीही चालण्याच्या वाटेवर टाकू नये. पडण्यापासून वाचवणारे साधन बसवताना पाय अडकण्याची नवी जागा निर्माण होता कामा नये. तार भिंतीलगत खिळ्यांच्या पट्ट्यांनी बसवावी. राउटर उंचावर असला, तरी त्याचे विजेचे बटण हाताच्या उंचीवर असावे. ज्येष्ठांना स्टुलावर चढण्याची वेळ येऊ नये.

वैशाखात वावटळ उठली, की वीज जाते आणि तिच्याबरोबर राउटरही. पूर्वीच्या तांब्याच्या तारेच्या दूरध्वनीला वीज टेलिफोन केंद्रातून येत असे, म्हणून घरात अंधार असतानाही तो चाले. फायबरवरील दूरध्वनीचे तसे नाही. घरातील डबा बंद पडला, की तोही बंद. राउटरसाठी छोटे बॅटरी-संच मिळतात. ते घेताना राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्टचा आकडा जुळवून पाहावा आणि दोन्ही राउटर व फायबरचा डबा या तिन्हींची सोय करावी. एकाचीच केली, तर हाक पुन्हा अर्ध्या वाटेवर अडकेल.

कॅमेऱ्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्यांच्यासाठी तो लावायचा, त्यांची संमती आधी घ्यावी. कोठे लावायचा, कोण पाहणार, केव्हा बंद ठेवायचा, हे त्यांनी ठरवावे. राउटर आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

दर संकष्टीला एक हाक

आमच्या घरी आता दोन्ही राउटर एकाच जाळ्यात आहेत. दर महिन्याच्या संकष्टीला वडील स्वतः बटण दाबतात आणि मी पुढच्या खोलीतून ओ देते. एकदा दोन्ही राउटर बंद करूनही पाहिले, कारण साधने निकामी झाल्यावर काय करायचे, हेही ठाऊक असावे लागते. त्या दिवसापासून त्यांच्या उशाशी बटणाशेजारी एक पितळी घंटा ठेवली आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत क्रमांक लिहिले आहेत: रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत १४५६७.

वडील आता अंथरुणातून एकदम उठत नाहीत. काठावर एक-दोन मिनिटे बसतात, मग पाय टेकतात. पाण्याचा तांब्या हाताशी असतो. आणि मागच्या महिन्यात ओ द्यायला मला थोडा उशीर झाला, तेव्हा त्यांनी बटण बाजूला ठेवून घंटाच वाजवली.