कशी लागते गं आपली वाईन?

‘तू नाशिकची ना? आणि तुला वाईन आवडत नाही? काहीही!’

पुण्यात शिकायला आल्यापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजणं सोडून दिलंय. कोल्हापूरच्या मुलीनं तांबडा रस्सा आवडत नाही म्हणावं आणि सगळ्यांनी तिच्याकडे दयेनं बघावं, तसं माझं होतं. त्यात पुढचं वाक्य ठरलेलं असतं. ‘अगं, ती ॲक्वायर्ड टेस्ट आहे. दोन-चारदा पी, आवडायला लागेल.’

गेल्या फेब्रुवारीत रूमवरची आमची टोळी नाशिकला आली. दिंडोरी रस्त्यावरच्या एका वायनरीत टेस्टिंगला गेलो. (वय 22, महाराष्ट्रात वाईनसाठी 21 लागतं, तेव्हा आईबाबांनी पुढचं वाचायला हरकत नाही.) सहा प्रकार, प्रत्येकाचे दोन-दोन घोट. समजावून सांगणारा दादा आमच्याच वयाचा. ग्लास कसा धरायचा, कसा गोल फिरवायचा, नाक कुठवर आत घालायचं, सगळं त्यानं शिकवलं. रेड वाईन आली तेव्हा तो म्हणाला, ‘यात तुम्हाला ब्लॅकबेरी, चामडं आणि थोडा तंबाखू जाणवेल.’ सगळ्यांच्या माना डोलल्या. माझीही डोलली. ब्लॅकबेरी मी आयुष्यात खाल्लेली नाही, चामडं तर नाहीच नाही. मला जाणवलं ते एवढंच की अर्धकच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ खरखरीत झालीये, गाल आतून ओढले गेलेत आणि मागून खोकल्याच्या औषधासारखा कडवटपणा येतोय.

‘वॉव, स्मूद आहे,’ मी म्हणाले.

इथवर ठीक होतं. पार्टीत अशा थापा सगळेच मारतात. पण संध्याकाळी मी मामांकडे गेले. आमचं आजोळ दिंडोरी तालुक्यात. मामांची द्राक्षबाग आहे, त्यातली एक एकर शिराज, म्हणजे वाईनची काळी द्राक्षं. मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला पंढरीची वारी, दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही. ही लागवड केली तेव्हा आजीनं आठ दिवस अबोला धरला होता म्हणे, ‘दारूची द्राक्षं’ दारात लावली म्हणून. पुढे 2008 नंतरच्या मंदीत नाशिकचा वाईनचा धंदा गडगडला, माल पडून राहिला आणि आजूबाजूच्या कित्येकांनी वाईनच्या बागा कुऱ्हाडीनं तोडल्या. मामांनी एक एकर ठेवली. का ठेवली, ते कधी सांगत नाहीत.

मी टेस्टिंगला जाऊन आले हे कळल्यावर त्यांनी ओट्यावर बसूनच विचारलं, ‘कशी लागते गं आपली वाईन?’

घरात हे सांगू शकणारं दुसरं कुणीच नाही. इतकी वर्षं ते जे पिकवतात त्याची चव त्यांना माझ्याकडूनच कळणार होती. आणि मी म्हणाले, ‘छान लागते, मामा. एकदम स्मूद.’ ते खूश होऊन आत गेले. मला मात्र ती थाप पार्टीतल्या थापेसारखी विसरता येईना. म्हणून म्हटलं, एकदा नीट शोधून काढू. ही चव खरंच सवयीनं जडते का? आणि मला न आवडण्याचं कारण काय?

पहिलं कोडं गोडव्याचं. द्राक्ष गोड, मग वाईन गोड का नाही? गंमत म्हणजे वाईनची द्राक्षं आपण खातो त्या थॉमसनपेक्षाही गोड असतात. तोडणीच्या वेळी रसात साधारण 22 ते 24 टक्के साखर असते. पण यीस्ट ती साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. बाटलीवर ‘ड्राय’ लिहिलेलं असलं की समजायचं, साखर जवळजवळ संपली. गोव्याहून येताना काका लोक जी ‘पोर्ट’ आणतात ती गोड असते, कारण तिच्यात साखर ठेवलेली असते. आपल्यापैकी बऱ्याच जणांची वाईनशी पहिली ओळख त्या पोर्टनं होते. मग खरी ड्राय रेड समोर आली की वाटतं, ही नासली वाटतं!

दुसरी गोष्ट तुरटपणाची, आणि इथे मराठीचा मला अभिमान वाटला. इंग्रजी पुस्तकांत ‘टॅनिन म्हणजे काय’ हे समजवायला पान खर्ची घालतात. आपल्याकडे आजी एका शब्दात सांगते: तुरट. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांत त्याला मानाची जागा आहे. सुपारी, कच्चं केळं, आवळा, हिरडा, जांभूळ ही सगळी त्याच घराण्यातली. टॅनिन द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. व्हाईट वाईन करताना रस आधीच वेगळा काढतात, रेड मात्र सालीबियांसकट आंबवतात, म्हणून ती जास्त तुरट. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. म्हणजे मी ज्याला ‘स्मूद’ म्हणाले ते शास्त्रीयदृष्ट्या स्मूदच्या बरोबर उलट होतं. शाब्बास मी.

हाच तुरटपणा चहातही असतो. आपण काय करतो? दूध ओततो. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, लाळेपर्यंत पोचूच देत नाहीत. वर साखर आणि आलं. रेड वाईनसोबत चीज देतात त्यामागेही बरंचसं हेच आहे. तेव्हा ‘चहाची चव आम्हाला जडली’ असं आपण म्हणतो खरं, पण आपण चहाला आपल्या जिभेजोगं करून घेतलंय. कोऱ्या चहाचा कप पुढे आला की आपल्यातले किती जण तोंड वाकडं करतात, आठवून बघा.

राहिला कडवटपणा. कडू म्हणजे विषारी असू शकतं, अशी शरीराची जुनी समजूत असते, म्हणून लहान मुलं कारलं थुंकतात. पण सगळ्यांना कडू सारखं लागत नाही. 1931 मध्ये ड्युपाँट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या हातून पीटीसी नावाची पावडर हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, तोंड कडू झालं. फॉक्स यांना काहीच लागेना. त्यातून कळलं की काही कडू चवी ओळखण्याची ताकद जन्मानंच कमी-जास्त असते, पुढे त्यामागचं जनुकही सापडलं. ज्यांना अशी चव फार तीव्र लागते त्यांना रेड वाईनही जास्त कडू आणि तुरट लागू शकते. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘तुझा पॅलेट डेव्हलप झाला नाहीये’ म्हणालं तर सांगा, बाबा रे, कदाचित माझी जीभ तुझ्यापेक्षा जास्त जागी आहे.

मग सवयीनं काहीच होत नाही का? होतं ना. 1968 मध्ये रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. लहान मुलांना नावडती भाजी आठ-दहा वेळा थोडी थोडी दिली की बरीच मुलं ती खाऊ लागतात. मीही बारावीपर्यंत कारल्याचं ताट सरकवून द्यायचे, आता आजीच्या हातची कुरकुरीत कारली भांडून खाते. ब्लॅक कॉफी पहिल्यांदा प्यायले ती सबमिशनच्या रात्री, नाक दाबून. आता रोज लागते.

पण थांबा. कारलं आणि कॉफी या सारख्या गोष्टी नाहीत. कॉफीत कॅफिन आहे. मेंदू शिकतो की या कडू पाण्यानंतर तरतरी येते, मग तो कडवटपणाच हवाहवासा वाटू लागतो. वाईनमध्ये 12-14 टक्के अल्कोहोल असतं, तिथेही हेच चालतं. चव जडते असं म्हणताना त्यात जिभेचा वाटा किती आणि नशेचा किती, हे पार्टीत कुणी विचारत नाही. कारलं आवडायला लागलं तर कुणाचं काही बिघडत नाही. अल्कोहोलबद्दल मात्र जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये सरळ सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं त्याचं कुठलंच प्रमाण नाही. ‘अगं, वाईनच तर आहे’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी (मला तुम्ही आवडता, तरीही) ही ओळ मुद्दाम.

आता सगळ्यात मजेचा भाग, किमतीचा. 2008 मध्ये अमेरिकेत कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीनं वाईन पाजली. एकच वाईन एकदा 10 डॉलरची म्हणून दिली, एकदा 90 डॉलरची म्हणून. 90 वाली जास्त आवडली. नुसती तोंडदेखली नाही, मेंदूतला आनंदाशी जोडलेला भागही जास्त उजळला. त्याआधी 2001 मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमध्ये वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग टाकून दिली होती, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. हे वाचून मी खुर्चीत नाचले. म्हणजे सगळे माझ्यासारखेच थापाडे!

पण ते अर्धसत्य निघालं. टेस्टिंगमधला दादा शिराजबद्दल ‘मिरीचा वास’ म्हणाला होता, तेव्हा मी मनात हसले होते. नंतर वाचलं की शिराजमध्ये रोटंडोन नावाचं द्रव्य असतं आणि काळ्या मिरीचा वासही त्याच द्रव्याचा. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरची जाणवते तेही खोटं नाही, दोन्हींत एकाच जातीची द्रव्यं असतात. गोष्ट खरी होती, फक्त शब्द दुसऱ्यांच्या परसातले होते. ब्लॅकबेरीऐवजी ‘करवंद’ म्हणाला असता तर कदाचित मला पहिल्या घोटालाच कळलं असतं.

म्हणून मी स्वतःवर प्रयोग केला. वर्षभरात आठ वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन घोट, मैत्रिणींच्या ग्लासातून. वहीत आपल्या शब्दांत लिहायचं ठरवलं. ‘उन्हात तापलेल्या पत्र्यावरची चिंच.’ ‘करवंद, पण देठाजवळचं.’ ‘मसाल्याचा डबा उघडल्यावर येतो तसा वास, मिरी मिरी.’ एकदा नुसतं ‘नको.’ आठव्या वेळी डोळे मिटून शेनिन आणि सोव्हिन्यों वेगळ्या ओळखता आल्या. मैत्रिणी ओरडल्या, ‘बघ, जडली ना चव!’

नाही जडली. ओळखता येऊ लागलं, आवडलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. शास्त्रीय संगीतातला भूप ओळखता येणारा माझा भाऊ दिवसभर रॅप ऐकतो, तसंच काहीसं. मला घासून-पुसून वाईन आवडून घेता येईलही, आणखी आठ वेळा, आणखी सोळा वेळा. पण मग मी स्वतःला विचारलं की हे कशासाठी? तर खरं उत्तर आलं, ‘नाशिकची असून’ हे वाक्य पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून. आणि थोडं असंही की हातात वाईनचा ग्लास असला की आपण जरा वरच्या मजल्यावरचे वाटतो. आपल्याकडची गंमत बघा, ज्या दुकानावर ‘वाईन शॉप’ अशी पाटी असते तिथे सगळ्यात कमी खपते ती वाईनच, पण पाटीवर मान तिचा.

या वर्षी जानेवारीच्या शेवटी आजोळी गेले. शिराजची तोडणी तोंडावर आली होती. मामा सकाळी बागेत फिरत होते, मीही मागे मागे. वर्षभर पोटात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं.

‘मामा, मागच्या वर्षी मी खोटं बोलले. मला नाही आवडत वाईन. तुरट लागते.’

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी घडातला एक मणी तोडला, रस गिळला, साल बराच वेळ चघळली. मग बी दाताखाली फोडली आणि दुसरा मणी माझ्या हातावर ठेवला. ‘अशी का?’

मी चावलं. आधी साखर, मग साल, मग बी. जीभ खरखरीत, गाल आत ओढलेले. तेच, अगदी तेच.

‘हो. हीच.’

त्यांनी तोंडातली बी तळहातावर काढून उन्हात धरली. ‘अजून हिरवट हाये,’ म्हणाले आणि खिशातून मोबाईल काढून वायनरीच्या माणसाला फोन लावला. ‘साहेब, गाडी उद्या धाडू नका. आठ दिवस थांबावं लागंल. आमच्या भाचीला तुरट लागतीय.’