पन्नाशीतला शिवणवर्ग

अमेरिकेत राहणारी मराठी बाई कॉलेजात जाऊ लागली, की लोक हमखास विचारतात, "कॉम्प्युटरचं काही का?" मी "शिवणाचं" म्हणाले, की समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आमच्या ह्यांनीसुद्धा एकदा हळूच विचारून घेतले, "पण शिवण तर तुला येतंच ना?"

येते. पण मला ब्लाउज शिवून त्यावर चार पैसे मिळवायचे होते, आणि ही विद्या अगदी निराळी.

आपल्याकडच्या वाचकांसाठी 'कम्युनिटी कॉलेज' म्हणजे काय ते सांगते. दोन वर्षांचे हे सार्वजनिक कॉलेज. प्रवेशपरीक्षा नाही; अठराच्या पुढे वय कोणी विचारत नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर फी आणि साठ युनिटांची पदवी, म्हणजे सारे मिळून २,७६० डॉलर. कापड आणि पुस्तके वेगळी. आमचे लॉस एंजेलिसचे ट्रेड-टेक १९२५ साली व्यवसायशाळा म्हणून निघाले. पॅरिसमध्ये नाव काढलेले रिक ओवेन्स कापड बेतायला येथेच शिकले. कपड्यांचा घाऊक बाजारही येथून जवळच.

पहिल्या सत्रात रंगीत कापडाला हात लावू देत नाहीत. सगळे काम मांजरपाटावर! पुतळ्यावर मांजरपाट टाचायचे, टक्स घ्यायचे, उभा धागा सरळ पडला की नाही ते पाहायचे. उरेप कापलेले कापड अंगावर कसे ओघळते, हे फ्रान्सच्या मादलेन व्हिओने बाईंनी १९२०च्या दशकात जगाला दाखवले. ते मांजरपाटावर स्वतः करून पाहिले तेव्हा मला अगदी लहान मुलासारखा आनंद झाला. शिलाईला सोडतात त्या कापडाला आपण 'माया' म्हणतो, असे मी वर्गात सांगितले. शब्दाचा अर्थ ऐकून बाईंनी तो फळ्यावर लिहून घेतला.

खरी कसोटी दुकानदारीच्या तासाला. आपला वाणी नफा खरेदीच्या किमतीवर मोजतो. येथे तो विक्रीच्या किमतीवर मोजतात. वीसला घेतलेला झगा चाळीसला विकला, तर आपल्या मते नफा शंभर टक्के, यांच्या मते पन्नास. आणि हेच सोयीचे, कारण सूट विक्रीच्या किमतीवरच द्यायची असते. त्या चाळीसवर चाळीस टक्के सूट दिली, की हाती येतात चोवीस. उरले चार. त्यात भाडे, दिवाबत्ती, सगळे. सेलच्या पाट्या पाहून हुरळून जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी आता हे गणित घालते. त्यांना ते मुळीच आवडत नाही.

एके दिवशी शर्टाचा खर्च मांडायचा होता. एका तरुण मुलाने कॉलर चढवायला चार मिनिटे धरली. मागच्या बाकावर ग्वाटेमालाच्या एक बाई बसतात. वीस वर्षे कारखान्यात नगावर शिवण केलेली. त्या सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी उठल्या, मशीनवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घड्याळ लावा." त्यांच्या सराईत हातांनाही अकरा मिनिटे लागली. टाका असा, की आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. नंतर त्यांनी सांगितले, की नगाचा दर ठरवणारा माणूसही असाच चार मिनिटे धरायचा. उरलेली सात कोणाची, हे विचारायची सोय नव्हती.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२ पासून शिवणकामातली ही नगावारी मजुरी बंद केली. कामगार संघटनेशी करार असेल तेवढाच अपवाद. तासाचे किमान वेतन द्यावेच लागते, आणि कारखानदाराने ते बुडवले तर ज्याच्या नावाचा माल, त्यालाही जबाबदार धरता येते. कायदा झाला म्हणून लबाडी संपली असे नव्हे. पण बाईंना आता बोट दाखवायला जागा आहे.

त्या रात्री घरी येऊन मी माझ्या ब्लाउजचा हिशेब मांडला. अस्तराचा ब्लाउज, गोल गळा, हूक, हातशिलाई: घड्याळ लावून साडेतीन तास. मैत्रिणींनी ठरवून ठेवलेल्या भावात मला तासाचे किमान वेतनही पडत नव्हते. येथल्या बायका ब्लाउजपीस बॅगेत भरून पुण्याला नेतात, त्या एवढे कशाला देतील? दोन दिवस पेन्सिल चावली. शेवटी तास पुरे धरले आणि भाव सांगून टाकला. तिघींपैकी दोघी गेल्या. एक राहिली, तिने पुढे दुसरी आणली.

डोंबिवलीला आईला फोनवर सारे सांगितले. तिने चाळीस वर्षे चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, "काय द्यायचं ते द्या" म्हणून. साडेतीन तास ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, म्हणजे तळमजल्यावरची काकू माझं किती देणं लागते, काढ बघू!"