कुत्रा असलेल्या घरातली फरशी: काही गैरसमज

घरात कुत्रा आहे म्हटलं की टाइलच्या दुकानातून हमखास सल्ला मिळतो, "ग्लॉसी घ्या साहेब, एक पोछा मारला की काम झालं." फरशी जितकी चकचकीत तितकी साफ करायला सोपी, हा सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज. डाग धरणं चकाकीवर नाही, फरशी पाणी किती पिते यावर ठरतं. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या जेमतेम ०.५ टक्का पाणी शोषते, मग ती मॅट असो वा ग्लॉसी. ग्लॉसीवर उलट ओल्या पंजाचा प्रत्येक ठसा उठून दिसतो. शिवाय बेल वाजली की लॅब्राडोर दाराकडे सुटतो आणि वळणावर त्याचे मागचे पाय फाकतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचं दुखणं आधीच जास्त. त्यांना रोजची घसरगुंडी परवडत नाही. मॅट घ्या, पण बाथरूमची खाचाखाचांची अँटी-स्किड टाइल हॉलमध्ये नको. त्या खाचांत केस आणि मळ बसला की ब्रश घेऊन बसावं लागतं.

"टाइल चांगली घेतली, तरी वास येतोच," ही तक्रार मात्र खरी असते. फक्त दोष टाइलचा नसतो, सांध्यांचा असतो. आपल्याकडे मिस्त्री सांधे व्हाइट सिमेंटने भरून मोकळा होतो. ते सच्छिद्र असतं. मूत्र आत मुरतं, जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि कुत्र्याला स्वतःची जागा नेमकी सापडते. तो पुन्हा तिथेच जातो, आपण पुन्हा त्याला ओरडतो. परीक्षा सोपी आहे: कोरड्या सांध्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. सांधा गडद झाला तर तो पाणी पितोय. उपाय इपॉक्सी ग्राउटचा. ते महाग पडतं, लवकर घट्ट होतं, सांडलेलं वेळीच पुसावं लागतं, म्हणून मिस्त्री कुरकुर करतो. करू द्या. जुन्या घरातही वरचं सिमेंट खरवडून इपॉक्सी भरता येतं.

टाइलचा आकारही इथेच कामाला येतो. १० बाय १० फुटांच्या खोलीत एक फुटी टाइल लावल्या तर १८० फूट सांधे होतात. दोन फुटी लावल्या तर ८० फूट. आणि स्कर्टिंग विसरू नका. नर कुत्रा पाय वर करतो तो भिंतीकडे, त्यामुळे सगळ्यांत जास्त ओल भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात जिरते.

"दगड तो दगड, त्याला काय होतंय?" संगमरवर, कोटा, शहाबाद हे तिन्ही चुन्याच्या कुळातले. मूत्र साचून राहिलं की पॉलिश उतरतं, डाग पडतो. तो काढायला कुणी लिंबू किंवा टॉयलेटचं ॲसिड ओततं आणि दगडच खाल्ला जातो. घरात आधीपासून कोटा असेल तर उखडू नका, सीलर लावून घ्या. ग्रॅनाइटला ॲसिडची एवढी भीती नाही, पण सीलर त्यालाही हवा.

नखांनी टाइल खराब होते, हीही उगाच भीती. नख टाइलपेक्षा बरंच मऊ असतं. ओरखडे पडतात ते पंजांबरोबर आलेल्या वाळूने. दाराशी पायपुसणं ठेवा. लाकडी फरशीच्या पॉलिशवर मात्र नखं उमटतात. लॅमिनेटला वॉटरप्रूफ समजू नका: खाली दाबलेल्या लाकडी भुशाचं बोर्ड असतं, जोडातून पाणी गेलं की ते फुगतं. लाकडाचाच लुक हवा असेल तर एसपीसी व्हिनाइल, म्हणजे दगडाची पूड आणि प्लॅस्टिक यांची फळी, बघा.

राहिलं फिनेल. त्याच्या उग्र वासाने मूत्राचा वास आपल्या नाकाला झाकला जातो, कुत्र्याच्या नाही. काळ्या फिनेलमधली फिनॉलवर्गीय द्रव्यं तो पंजे चाटतो तेव्हा पोटात जातात, म्हणून ते नकोच. मूत्र न पुसता वर ब्लीच ओतलं तर घशाला झोंबणारे वायू सुटतात. आधी टिपून घ्या, पाण्याने पुसा, मग एन्झाइम क्लीनर टाकून बाटलीवर लिहिलेला वेळ तो तसाच राहू द्या. टाकल्या टाकल्या पुसला तर पैसे वाया गेले समजा.