संगणकातील वहीखाते : अधिकार बेताने द्या

दुकानात वा कारखान्यात कुणी काय करावे, हे मालक ठरवतो. विक्रीवरचा माणूस पावती फाडतो, गोदामवाला मालाची नोंद ठेवतो, मुनीम खतावणी लिहितो आणि तिजोरीची किल्ली मालकाकडे राहते. आता उधारी, कारागिरांची मजुरी, मालाचा साठा हा सारा हिशेब संगणकात गेला आहे. तो तक्त्यांच्या रूपात जिथे साठतो, त्या व्यवस्थेला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. तिथेही अधिकारांची वाटणी करावी लागते. ती ढिली राहिली, तर ज्याला फक्त पावती करण्याची मुभा दिली, तोच सगळ्या वह्यांचा धनी होऊन बसतो. मग कुणाची उधारी मिटली आणि कुणाची वाढली, हे मालकाला कळणारही नाही.

यासाठी कुलूप फोडावे लागतेच असे नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या कामातून तो वाढला. तो विनामूल्य मिळतो आणि जगभर वापरला जातो. त्यात 'पब्लिक' नावाचा एक सामायिक विभाग असतो. पूर्वी डेटाबेसमध्ये प्रवेश असलेल्या कुणालाही तिथे नवी वस्तू ठेवता येत असे. यातील धोक्याचा इशारा त्याच्या कर्त्यांनी मार्च २०१८ मध्ये दिला.

धोका असा होता. इंग्रजी मोठी अक्षरे लहान करण्यासाठी पोस्टग्रेसमध्ये 'लोअर' नावाचे तयार फंक्शन आहे. ते 'टेक्स्ट' प्रकारच्या मजकुरासाठी लिहिलेले आहे. एखाद्या नोकराने त्याच नावाचे, पण 'व्हारचार' प्रकारासाठीचे फंक्शन सामायिक विभागात ठेवले, तर व्हारचार मजकुरासाठी व्यवस्था तेच निवडते, कारण ते तंतोतंत जुळते. आणि फंक्शन चालते ते हाक मारणाऱ्याच्या अधिकाराने. मालकाने सहज हाक मारली आणि आत "या नोकराला सर्वाधिकार द्या" असे लिहिलेले असले, तर तो हुकूम मालकाच्याच नावाने बजावला जातो.

उपाय अवघड नाहीत. पहिला, सामायिक विभागात वस्तू ठेवण्याची सर्वांची मुभा काढून घ्यावी. 'रिव्होक' या एका हुकुमाने हे होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसमध्ये ही मुभा मुळातच नसते. मात्र जुना डेटाबेस नव्या आवृत्तीत नेला, तर जुनी मुभा तशीच सोबत येते. म्हणून आवृत्ती नवी आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

दुसरा, रोजचा कारभार सर्वाधिकारी खात्याने चालवू नये. पावतीच्या प्रोग्रामला वेगळे खाते द्यावे आणि त्याला लागतील तेवढ्याच तक्त्यांचा अधिकार द्यावा.

तिसरा, काही फंक्शने हाक मारणाऱ्याच्या नव्हे, तर आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतात. हे जणू कुलमुखत्यारपत्रच. ते कोरे देऊ नये. अशा फंक्शनने वस्तू कोणत्या विभागात शोधाव्यात हे आधीच बांधून द्यावे आणि ते चालवण्याची सरसकट परवानगी काढून घ्यावी.

चौथा, नवी खाती उघडण्याचा अधिकार हलका समजू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये १६वी आवृत्ती येईपर्यंत तो ज्याच्याकडे असे, त्याला सर्वाधिकारी खाते सोडून जवळपास कोणत्याही खात्याचा अधिकार स्वतःकडे घेता येत असे. सर्व्हरवर प्रोग्राम चालवण्याचा अधिकारही त्यात आला. १६व्या आवृत्तीने यावर मर्यादा घातली.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी हे हुकूम स्वतः शिकावेत असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या संगणकवाल्याला चार प्रश्न अवश्य विचारावेत. सर्वाधिकारी खाते कुणाकुणाकडे आहे? पावतीचा प्रोग्राम कोणत्या खात्याने चालतो? सामायिक विभाग बंद केला आहे का? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते बंद झाले का? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा पडताळावीत. माणसावर विश्वास जरूर ठेवावा, पण किल्ली मात्र कामापुरतीच द्यावी. त्यात मालकाचे भले आहे आणि प्रामाणिक नोकराचेही, कारण उद्या हिशेबात गफलत निघाली तर त्याच्यावर नाहक संशय येणार नाही.