'पाणी बारीक येते' : एका तक्रारीचे पृथक्करण

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. घर व कारखाना एकाच विहिरीवर चालत असला आणि वैशाखात 'पाणी बारीक येते' अशी तक्रार निघाली की, लगेच विहीर खोल करण्याची भाषा सुरू होते. वस्तुतः या वाक्यात 'पाणी' हा कर्ता असला, तरी दोष विहिरीचा, पंपाचा की नळाचा, हे व्याकरणावरून कळत नाही. तिन्हींची लक्षणे मात्र भिन्न आहेत, आणि खोदाईवर खर्च करण्यापूर्वी ती पारखणे अगत्याचे आहे. कारण खाडीच्या सान्निध्यात अधिक खोल गेल्यास गोडे पाणी खारे होण्याचाही संभव असतो.

प्रथम विहीर. कोकणच्या काळ्या कातळात पाणी राहते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. म्हणून पाऊस भरपूर पडूनही उन्हाळ्यात झरे मंदावतात. पंप थांबविल्यावर दोरीने पातळी मोजावी व तासाभराने पुन्हा मोजावी. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १० सेंटिमीटर चढली, म्हणजे सुमारे ७०० लिटर पाणी आले. तासाला तेवढाच भराव असेल, तर त्याहून जलद उपसा फार वेळ टिकणार नाही. धार आरंभी जोरकस आणि पुढे क्षीण होत गेली, तर दोष येथे समजावा व उपसा थांबून थांबून करावा.

पातळी फारशी उतरत नसताही टाकी भरण्यास पूर्वीपेक्षा वेळ लागत असेल, तर पंपाकडे वळावे. काठावरचा पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो. खरे पाहता तो नळीतील हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. हा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभच तोलू शकतो; व्यवहारात ६ ते ७ मीटर ही मर्यादा धरावी. त्यामुळे मार्गशीर्षात उत्तम चालणारा पंप वैशाखात, पातळी खाली गेल्यावर, निर्दोष असूनही दुबळा ठरतो. पंप खालच्या टप्प्यावर बसविणे किंवा पाणबुडी पंप घेणे, हाच तेथे मार्ग. ओढीच्या नळीचा सांधा सैल असल्यास पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते; म्हणून ही गळती डोळ्यांना दिसत नाही, परंतु धार तुटक येते व फुरफुरते. नळीच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हची जाळी पाल्याने किंवा गाळाने बुजली, तरी धार बारीक होते. झडप नीट बसत नसेल, तर दर वेळी पंपात पाणी भरावे लागते. या झडपेला खेड्यापाड्यांत 'फुटबॉल' म्हणतात. लोकव्युत्पत्तीचे इतके सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडेल! धार केवळ सायंकाळीच मंदावत असेल, तर विजेचा दाब तपासावा.

टाकी नेहमीच्या वेळात भरते, पण नळ रडतो, असे असेल तर विहीर व पंप दोन्ही निर्दोष. एकच नळ मंद असेल, तर त्याची जाळी किंवा वायसर पाहावा. सर्वच मंद असतील, तर टाकीचा निर्गम व मुख्य नळी. जुन्या लोखंडी नळीत गंज साचून पोकळी निम्मी झाली, तर त्याच उंचीवरून येणारे पाणी निम्मे नव्हे, सुमारे सहाव्या हिश्शावर येते. १५ लिटरची बादली भरण्यास किती सेकंद लागतात, हे टाकीच्या मुखाशी व नळाशी वेगवेगळे मोजून भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे. पुढील वैशाखात तुलनेस तो आकडा उपयोगी पडतो.