छायाचित्रकाराचे संकेतस्थळ : चित्रदालन आणि मुद्रित प्रतींची विक्री (नागरा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
गोंदिया शहराजवळील नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे परिचित आहे. मंदिराची दगडी बांधणी, महाशिवरात्रीची यात्रा, धानाच्या बांध्या, बोड्या आणि जिल्ह्यात आढळणारा सारस पक्षी हे येथील छायाचित्रकाराचे खरे भांडवल होय. मात्र त्याची उपजीविका बहुधा लग्नसमारंभांवर चालते. संकेतस्थळाची आखणी करताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

मालकीचा प्रश्न :
कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारी व्यक्ती असते. म्हणजेच लग्नातील उत्कृष्ट चित्रही छायाचित्रकाराला आपल्या दालनात परस्पर मांडता येत नाही, विकणे तर दूरच. पावतीवर यासंबंधी एक लेखी अट घालून ग्राहकाची सही घेणे हा साधा उपाय आहे; तो क्वचितच योजला जातो. स्वतःच्या प्रेरणेने काढलेल्या मंदिराच्या वा सारसाच्या चित्राचा अधिकार मात्र त्याचाच असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. दालनाचा पाया अशाच चित्रांवर रचणे इष्ट.

पडदा आणि कागद :
६००० × ४००० बिंदूंचे चित्र इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात सुमारे २० × १३.३ इंच आकारात स्वच्छ छापता येते. तेच चित्र संकेतस्थळावर १२०० बिंदू रुंदीचे ठेवल्यास, उतरवून घेणाऱ्यास त्याच प्रमाणात केवळ ४ इंच रुंदीची प्रत मिळते. पाहणाऱ्यास चित्र पुरेसे दिसते, पान लवकर उघडते आणि मूळ चित्रही सुरक्षित राहते. चित्रावर आडवे नाव उमटवून ते विद्रूप करण्यापेक्षा हा मार्ग अधिक सभ्य आहे.

आकारांची यादी देताना कॅमेऱ्याचे ३ : २ हे प्रमाण विसरू नये. ८ × १२ किंवा १२ × १८ इंचांत संपूर्ण चित्र मावते. ८ × १० मध्ये लांबीचे २ इंच कापले जातात आणि नेमकी सारसाची चोच वा मंदिराचा कळस गमावण्याची वेळ येते. पडदा प्रकाश फेकतो, कागद तो परावर्तित करतो. त्यामुळे धानाचा हिरवा रंग कागदावर मंद भासतो. विक्रीपूर्वी प्रत्येक चित्राची एक चाचणीप्रत काढून पाहणे अटळ आहे. काचेची चौकट टपालात फुटते, म्हणून प्रत नळकांड्यात गुंडाळून पाठवावी व तो खर्च किमतीसोबतच स्पष्ट दर्शवावा.

प्रत्येक चित्रास क्रमांक व देवनागरी शीर्षक द्यावे. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडणाऱ्या लाला दीनदयाळ यांच्या चित्रांवर क्रमांक व नाव आढळते. मागणी नोंदविण्यास ती पद्धत आजही सोयीची आहे.

स्थळाची नोंद :
मोबाईल आणि काही कॅमेरे चित्राच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदवितात. मंदिराच्या चित्राबाबत ही माहिती निरुपद्रवी असते. सारस मात्र पावसाळ्यात पाणथळ जागी व धानाच्या शेतात जमिनीवरच घरटे करतो. त्याच्या चित्रासोबत अचूक स्थान प्रसिद्ध झाल्यास बघ्यांची गर्दी थेट अंड्यांपर्यंत पोहोचू शकते. असे चित्र चढविण्यापूर्वी ही नोंद पुसून टाकावी आणि शीर्षकात गावाऐवजी केवळ जिल्ह्याचे नाव द्यावे.