संगणकाला उपकरणाची ओळख पटत नाही तेव्हा

‘पेन्शनरांचे पुणे’ ही या शहराची जुनी ओळख. याच शहरात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पेन्शनर आणि संगणक या पुण्याच्या दोन्ही ओळखी आज अनेक घरांत एकत्र नांदताना दिसतात. निवृत्तिवेतनधारकास दरवर्षी आपल्या हयातीचा दाखला सादर करावा लागतो. केंद्र शासनाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ योजना सुरू केल्यापासून आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांच्या साहाय्याने हा दाखला घरच्या संगणकावरूनही देता येऊ लागला. त्यासाठी ठसा घेणारे एक छोटे उपकरण संगणकाच्या यूएसबी पोर्टला जोडावे लागते.

नेमके येथेच पुष्कळदा घोडे अडते. उपकरण जोडले जाते. परंतु संगणक त्याची दखल घेत नाही, किंवा पडद्याच्या कोपऱ्यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी सूचना उमटते. ही अडचण केवळ निवृत्तांची नाही. वित्त आयोगाच्या निधीतील देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीवरून अदा करण्यासाठी ग्रामपंचायतीस डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदविताना पक्षकारांचे छायाचित्र व अंगठ्याचा ठसा संगणकाला जोडलेल्या उपकरणांनीच घेतला जातो. शिक्षकाची प्रश्नपत्रिका आणि शाळेचे निकालपत्रक पेन ड्राइव्हमध्ये असते. बोटभर लांबीच्या या जोडणीवर कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाचे देयक, तर कोणाचे वर्षभराचे काम अवलंबून असते.

अशा वेळी उपकरण बिघडले असे समजून नवे आणण्याची किंवा आतील सर्व माहिती पुसून टाकण्याची घाई केली जाते. वास्तविक, संगणक आणि उपकरण यांच्यातील ओळख ठरावीक टप्प्यांनी होत असते. ती कोणत्या टप्प्यावर अडली हे समजले, तर निम्मे काम झाले. पुष्कळ वेळा उपाय घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता होतो.

एकच जोडणी, अनेक उपकरणे

यूएसबीपूर्वीच्या काळात कळफलकाला एक, छपाई यंत्राला दुसरी, तर मोडेमला तिसरीच अशा निरनिराळ्या जोडण्या असत. हा पसारा दूर करण्यासाठी इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आदी सात कंपन्यांनी एकत्र येऊन सर्व उपकरणांना चालेल अशी एकच जोडणी निश्चित केली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटेलमध्ये हे काम पुढे नेणाऱ्यांपैकी एक प्रमुख अभियंता म्हणजे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट. पुढे २००० मध्ये दुसरी व २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि वेग वाढत गेला. परंतु ओळख पटविण्याची मूळ रीत फारशी बदलली नाही.

ओळख कशी पटते

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. त्यांपैकी दोन तारा पाच व्होल्टची वीज नेतात आणि दोन तारांतून माहितीची देवाणघेवाण होते. उपकरण जोडताच त्याला वीज मिळते, हा पहिला टप्पा. वीज मिळाल्यावर उपकरण माहितीच्या तारेवर आपण आल्याचा संकेत देते. त्यानंतर संगणक त्याच्याकडे परिचय मागतो. आपण कोणत्या उत्पादकाचे, कोणत्या प्रकारचे आणि किती वीज लागणारे आहोत, हे उपकरण ठरावीक अंकांच्या भाषेत सांगते आणि संगणक त्याला एक क्रमांक देतो. हा दुसरा टप्पा होय. परिचयातील अंक पाहून संगणक त्या उपकरणाशी बोलू शकणारा दुभाष्या शोधतो. या दुभाष्या कार्यक्रमालाच ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हा तिसरा टप्पा. तो पार पडल्यावरच पेन ड्राइव्हमधील धारिका उघडणे किंवा बोटाचा ठसा घेणे ही प्रत्यक्ष कामे सुरू होतात.

कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याशी याची तुलना करता येईल. तो दारात आला पाहिजे, त्याने आपली कागदपत्रे दाखविली पाहिजेत, त्याला मेज नेमून दिले पाहिजे आणि मगच तो कामाला लागेल. कागदपत्रेच वाचता येत नसतील, तर मेजाची व्यवस्था करून उपयोग नाही.

प्रथम बिघाडाची बाजू ठरवावी

उपाय सुरू करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. तेच उपकरण दुसऱ्या संगणकावर चालते काय? आणि त्याच पोर्टला दुसरे उपकरण, उदाहरणार्थ माऊस, जोडल्यास ते चालते काय? उपकरण दुसरीकडे चालत असेल, तर दोष आपल्या संगणकाकडे आहे. ते कोठेच चालत नसेल आणि पोर्टवर माऊस मात्र चालत असेल, तर दोष उपकरणात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. ही परीक्षा पाच मिनिटांची असून तिच्यामुळे पुढील निरर्थक खटाटोप टळतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकाच दमात बदलल्यास कशामुळे गुण आला हे कळत नाही आणि तोच बिघाड पुन्हा झाल्यास पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.

दिवाच लागत नसेल तर

उपकरणावरील दिवा लागत नसेल आणि संगणकातून जोडणीचा आवाजही येत नसेल, तर अडचण बहुधा पहिल्या टप्प्यावर आहे. पोर्टमध्ये धूळ किंवा धागे अडकले आहेत काय ते पाहावे. साफसफाई संगणक बंद करून, कोरड्या मऊ ब्रशने करावी. आत सुई किंवा टाचणी घालू नये. मेजावरच्या संगणकाचे पुढील पोर्ट आतील एका लांब तारेने मुख्य पट्टीशी जोडलेले असतात आणि ती तार सैल होऊ शकते. मागील पोर्ट मुख्य पट्टीवरच बसविलेले असतात. म्हणून उपकरण मागे जोडून पाहणे हा साधा पण गुणकारी उपाय आहे.

विजेचा हिशेबही ध्यानात घ्यावा. दुसऱ्या आवृत्तीचा पोर्ट नियमानुसार ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट, एवढीच वीज देण्यास बांधील असतो. एकाच पोर्टवर हब लावून त्यावर माऊस, कळफलक, ठसा-उपकरण आणि हार्ड डिस्क यांची गर्दी केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला अपुरी वीज येते. अशा वेळी हब काढून उपकरण थेट संगणकाला जोडावे.

केबलविषयी एक गैरसमज व्यापक आहे. मोबाइल चार्ज होतो, म्हणजे केबल चांगली, असे मानले जाते. काही स्वस्त केबलमध्ये केवळ विजेच्या दोन तारा असतात. माहितीच्या तारा नसतातच. अशा केबलने दिवा लागेल, परंतु ओळख कधीही पटणार नाही. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत असो वा गावच्या बाजारात, केबल घेताना ‘डेटा केबल’ असे स्पष्ट मागावे. केबल योग्य असूनही मोबाइलमधील छायाचित्रे दिसत नसतील, तर मोबाइलचे कुलूप उघडून त्याच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा.

‘अननोन डिव्हाइस’ असे दिसते तेव्हा

विंडोज प्रणालीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाची यादी असते. ‘स्टार्ट’च्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबले असता ती सापडते. तिच्यात ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि त्यापुढे ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असे दिसत असेल, तर त्याचा अर्थ असा, की उपकरण दारात आले आहे, पण त्याची कागदपत्रे संगणकाला वाचता आलेली नाहीत. बहुधा सोबत ‘कोड ४३’ असाही उल्लेख असतो. येथे उपकरणाचा ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नये. समोर कोण आहे हेच जर संगणकाला समजलेले नाही, तर दुभाष्या कोणता बोलवायचा हे त्याला ठरविता येत नाही.

येथे पुढील क्रम उपयोगी पडतो. उपकरण काढावे. संगणक बंद करून त्याचा विजेचा प्लग काढावा. लॅपटॉप असल्यास चार्जर अलग करावा. सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. एक-दोन मिनिटांनी संगणक सुरू करावा आणि तो पूर्णपणे सुरू झाल्यावर उपकरण दुसऱ्या पोर्टला, शक्य तर आखूड केबलने, जोडावे. विंडोजच्या १० व ११ या आवृत्त्यांत ‘शट डाउन’ केल्यावरही जलद सुरुवातीच्या सोयीमुळे पूर्वीची काही स्थिती जपून ठेवली जाते. म्हणून एकदा ‘रीस्टार्ट’ करणेही अगत्याचे आहे. एवढे करूनही, आणि दुसऱ्या संगणकावरही, हीच सूचना आली, तर उपकरणातच दोष आहे असे समजण्यास हरकत नाही.

नाव दिसते, पण काम होत नाही

यादीत उपकरणाचे नाव आहे, परंतु त्यावर पिवळा त्रिकोण आहे आणि ‘कोड २८’ असे लिहिले आहे, तर ड्रायव्हर बसविलेला नाही असे समजावे. तो केवळ उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून, आपल्या विंडोजची आवृत्ती पाहून घ्यावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित विनामूल्य सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविल्याने अनेकांनी नवी आवृत्ती घेतली आहे. अशा बदलानंतर जुन्या उपकरणास नवा ड्रायव्हर लागू शकतो.

आधारसाठीच्या ठसा-उपकरणास ड्रायव्हरखेरीज ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा नोंदणी कार्यक्रमही लागतो आणि त्यासाठी इंटरनेटची जोडणी चालू असावी लागते. उपकरणाचा दिवा लागतो, यादीत नावही येते, पण दाखल्याच्या वेळी ठसा घेतला जात नाही, अशा तक्रारीत प्रथम हा कार्यक्रम सुरू आहे किंवा नाही ते तपासावे.

उपकरण काही वेळ चालून मध्येच नाहीसे होत असेल, तर वीज वाचविण्यासाठी संगणकाने तो पोर्ट निद्रिस्त केलेला असू शकतो. ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर ही मुभा काढून घेता येते. कार्यालयीन संगणकावर मात्र सुरक्षेसाठी पेन ड्राइव्ह हेतुपुरस्सर बंद ठेवलेले असतात. तो बिघाड नव्हे. तेथे संबंधित विभागाची परवानगी घेणे हाच उपाय.

‘फॉरमॅट’ला नकार द्यावा

पेन ड्राइव्ह जोडल्यावर ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ अशा अर्थाची सूचना कधी कधी येते. आतील माहिती हवी असेल, तर येथे ‘कॅन्सल’ म्हणावे. फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे. पाटी पुसून नवी करणे होय. प्रथम दुसऱ्या संगणकावर प्रयत्न करावा. तेथे धारिका दिसल्या, तर त्यांची प्रत तत्काळ अन्यत्र करून घ्यावी. सूचना न येता केवळ पेन ड्राइव्हच दिसत नसेल, तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये पाहावे. तेथे तो असेल आणि त्याला ई, एफ यांसारखे अक्षर मिळालेले नसेल, तर ते देताच तो दिसू लागतो. काढताना ‘इजेक्ट’ करण्याची सवय ठेवल्यास असे प्रसंग बरेच कमी होतात.

डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनबाबत तर अधिक सावधगिरी हवी. स्वाक्षरीची गुप्त किल्ली त्या टोकनमध्येच असते आणि तिची प्रत निघत नाही. टोकन पुसले, की प्रमाणपत्र गेले. ते नव्याने मिळेपर्यंत ग्रामपंचायतीची देयके अडून राहतात. चुकीचा पिन वारंवार टाकल्यास टोकन बंद होते. म्हणून टोकन ओळखले जात नसताना पिनचे प्रयोग करू नयेत. प्रथम पोर्ट, मग टोकनचा ड्रायव्हर आणि त्यानंतर प्रमाणपत्राची मुदत तपासावी.

परका मदतनीस

अडलेला माणूस ‘मोफत ड्रायव्हर’ असे शोधतो आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर जातो, किंवा तेथे मिळालेल्या क्रमांकावर दूरध्वनी करतो. पलीकडची व्यक्ती संगणक दुरून हाताळण्याचा कार्यक्रम बसविण्यास सांगते. ज्या संगणकावर आधार, बँक आणि निवृत्तिवेतन यांचे व्यवहार होतात, त्याच्या किल्ल्या अशा रीतीने परक्याच्या हाती जाऊ शकतात. यूएसबीच्या दुरुस्तीसाठी ओटीपी किंवा बँकेचा तपशील कधीही लागत नाही, हे ज्येष्ठ नागरिकांना आवर्जून सांगितले पाहिजे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित कळवावे.

काम थांबू नये

सर्व प्रयत्न करूनही ठसा-उपकरण चालले नाही, तरी हयातीचा दाखला अडत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही तो देता येतो, आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही ही सेवा देतात. वयोमानाने बोटांच्या रेषा पुसट झालेल्या वृद्धांना तर हे मार्ग अधिक सोयीचे आहेत.

शाळा, ग्रामपंचायत व लहान कार्यालये यांनी एक चांगली डेटा केबल, उपकरणांच्या ड्रायव्हरची एक जपून ठेवलेली प्रत आणि वरील क्रमाचा एक कागद संगणकाशेजारी ठेवला, तर बराच त्रास वाचेल. तंत्रज्ञास बोलवावे लागलेच, तर ‘संगणक चालत नाही’ एवढेच न सांगता, दिवा लागतो किंवा नाही, यादीत काय दिसते आणि उपकरण अन्यत्र चालते काय, हे तीन मुद्दे सांगावेत. एवढ्या माहितीवर जाणकार माणूस दूरध्वनीवरूनही दोषाचा अंदाज बांधू शकतो, आणि खोळंबलेल्या नागरिकाचे काम त्याच दिवशी मार्गी लागू शकते.